आतल्या खोलीतला खोकला

"दोघी."

एवढा एकच शब्द भिंतीपलीकडून आला आणि संकर्षणच्या हातातलं लाल पेन प्रुफाच्या एकशेबाराव्या पानावर जागच्या जागी थांबलं. पलीकडं पुढच्या खोलीत वरलक्ष्मीनं, त्याच्या बायकोनं, तिचा नेहमीचा प्रश्न विचारला होता. आलेल्या बाईला हळदकुंकू लावून झालं, चकलीची बशी पुढं सरकवली, की दुसऱ्या मिनिटाला ती तो विचारतेच. नवरात्रात मैसुरी रीतीनं पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला आलेल्या पन्नासेक बायकांना तरी विचारला असेल. "तुम्ही भावंडं किती गं?" आणि आलेली बाई म्हणाली, "दोघी." आवाज वल्लरीचा होता. त्यात काडीचा संशय नव्हता. गेली चार वर्षं आठवड्यातून तीनदा तो हा आवाज ऐकत आला होता, किंवा खरं बोलायचं तर तो आवाज न येणंच ऐकत आला होता. तो मनोविश्लेषक, वल्लरी त्याची पेशंट. लष्कर मोहल्ल्यातल्या त्याच्या खोलीत कोचावर पडायची, तो तिच्या डोक्यामागं खुर्ची टाकून बसायचा, आणि ती पन्नासातली चाळीस मिनिटं गप्प राहायची. त्या गप्प राहण्याचा अर्थ त्यानं चार वर्षं खपून लावला होता, आणि तो अर्थ आत्ता त्याच्यासमोर छापील अक्षरांत पडला होता. प्रकरण सहावं, ओळ नववी: 'ही बाई आईबापांची एकुलती एक.' पुस्तकाचं नावच मुळी 'एकुलती'. सोमवारी प्रुफं पुण्याला जायची होती.

आता ही इथं आली कशी, असा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. त्याला उत्तर लगेच दिसलं, आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तीस वर्षांत त्यानं घरात एका पेशंटचं नाव उच्चारलं नव्हतं. वरलक्ष्मीला त्याचे रुग्ण काळे की गोरे ठाऊक नव्हते. हा त्याचा नियम, आणि या नियमाबद्दल तो नाकानं कांदे सोलत आला होता. परवा मार्केटात फुलांच्या दुकानापाशी वरलक्ष्मीला एक बाई फोनवर मराठी बोलताना ऐकू आली. मैसुरात मराठी ऐकू आलं की हिला राहवत नाही, मग ती बाई कालच पुण्याहून आलेली असो नाहीतर हिच्यासारखी चार पिढ्यांची इथली. "मराठी काय हो तुम्ही? अय्यो, मग घरी या की गोंबे बघायला, आमच्या बाहुल्या. गोकुलममध्ये, तिसऱ्या क्रॉसला, गेटवर गंगाधरराव लिहिलंय बघा." गंगाधरराव म्हणजे संकर्षणचे वडील. जाऊन बावीस वर्षं झाली, पण पाटी त्यांचीच. डॉक्टरांची पाटी घराला लावायची नाही, हाही त्याचाच नियम, पेशंट घरापर्यंत येऊ नयेत म्हणून. गाय शिरू नये म्हणून सगळ्या बाजूंनी कुंपण घातलं आणि गाय आत ठेवूनच फाटक लावलं, असला प्रकार.

उठून बाहेर जावं? तर ती त्याला बघणार, शरमून जाणार, चार वर्षांचं काम एका चकलीत बुडणार. मागच्या दारानं निघून जावं? तर मागचं दार स्वयंपाकघरातून, आणि स्वयंपाकघराला पुढच्या खोलीतून वाट. कान झाकून घ्यावेत? हे शेवटचं खरं तर करायला हवं होतं. जे कोचावर बोललं गेलं नाही ते आपल्यासाठी नाहीच, हे त्यानं मुंबईत शिकताना घोकलं होतं, नंतर स्वतः लिहिलं होतं, पहिल्या पुस्तकात, पान तेवीस. तो हललाच नाही. प्रुफं मांडीवर, पेन हवेत, मान भिंतीकडं, असा एकसष्ट वर्षांचा माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा बसून राहिला.

"दोघी का? मग ती कुठं असते?" वरलक्ष्मीनं विचारलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. हे गप्प राहणं त्याच्या ओळखीचं होतं. आता सात-आठ मिनिटं, त्यानं मनात म्हटलं, मग ती पंख्याबद्दल काहीतरी बोलेल. पण वरलक्ष्मीला असल्या गप्प राहण्याचं काय सोयरसुतक! ती म्हणाली, "ती झोपाळ्यावरची बाहुली कलंडली बघ, जरा सरळ कर गं. हौदु, तीच. तुझा हात पोचतो, माझी पाठ धरलीय." बांगड्या वाजल्या. आणि बाहुली सरळ करता करताच, म्हणजे पाठ वरलक्ष्मीकडं असताना, वल्लरी बोलायला लागली.

"नाही आता ती. धाकटी होती माझ्याहून. तुळसी. जन्मापासूनच बरं नव्हतं तिचं. मान धरायची नाही, फिट्स यायच्या. बोलता यायचं नाही, पण आवाज करायची. खूश झाली की मोठ्यानं करायची."

"मग?"

"पाहुणे आले की आई मला तिच्याबरोबर आतल्या खोलीत बसवायची. तिच्या तोंडावर हात ठेवून बसायचं, एवढंच माझं काम. कुणी विचारलंच, आत कोण आहे, तर आई म्हणायची, कोणी नाही."

"अय्यो. मग?"

हे 'मग'. संकर्षणला ते भिंतीतून टोचलं. तीस वर्षांत त्यानं कुठल्या माणसाला 'मग?' असं विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं. विचारलं की माणूस आपल्याला हवं तिकडं वळतो, त्याचं त्यानं यायला हवं. मुंबईत त्याच्या गुरूनं त्याला सहा वर्षं कोचावर पाडून हे शिकवलं होतं, आणि त्या सहा वर्षांत गुरूनंही त्याला एकदा 'मग' म्हटलं नव्हतं. गुरुवारी दुपारी तीनला तो वडलांबद्दल बोलायचा, मागं गुरूच्या खुर्चीची वेतं करकरायची, आणि एकदा तर, एक्याऐंशी साली आई गेली त्याबद्दल त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा, बोलणं मध्येच तुटलं आणि तो वाट बघत राहिला. कोणीतरी काहीतरी म्हणावं. वेतं करकरली. वेळ संपली. नंतर त्यानं त्यावर एक सुंदर लेख लिहिला, पण आई कशी गेली ते मात्र पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. शिकून मैसुराला परत आला तेव्हा गंगाधरराव म्हणाले होते, "लोक तुझ्याकडे येणार, पडून बोलणार, तू गप्प बसणार, आणि ते पैसे देणार? गप्प बसायला आपल्याकडं देवळं नाहीत का रे?" त्यांना त्यानं उत्तर दिलं नव्हतं. उत्तर तो पुस्तकांतून देत आला. 'कोचाच्या मागे' हे पहिलं, पुण्यात गाजलं, दोन पुरस्कार मिळाले, मैसुरात कुणाला पत्ताही लागला नाही. 'अर्धी वाक्यं' हे दुसरं, ते पुण्यातही कुणाला कळलं नाही. त्याचे न खपलेले गठ्ठे या खोलीत पलंगाखाली होते, आणि दर वर्षी दसरा झाला की वरलक्ष्मी त्यातली एक-दोन पुस्तकं फाडून बाहुल्यांना गुंडाळायला घ्यायची. "कागद मऊ आहे हो तुमचा," म्हणायची. टोमणा नव्हता, तिला खरंच मऊ वाटायचा. बाहेर रस्त्यावरून रोज सकाळी गोऱ्या पोरापोरींचे घोळके काखेत चटया मारून योगशाळेकडं जाताना दिसायचे. समुद्रापलीकडून माणसं गोकुलमला श्वास घ्यायला येतात, आणि इथून चार मैलांवरची माणसं आपल्याकडं बोलायला येत नाहीत, असं त्याला दर सकाळी वाटायचं आणि दर सकाळी दाढी करताना कापायचं. म्हणून हे तिसरं पुस्तक. आयुष्यभराचं म्हणणं काय ते यात. आणि त्याचा कणा म्हणजे सहावं प्रकरण. एकुलत्या मुलीचं मौन: सगळं घर जिच्या एका तोंडाकडं डोळे लावून बसलेलं, तिनं ते तोंडच मिटून घेतलं, असं त्याचं म्हणणं. बत्तीस पानं. तारानं, म्हणजे पुण्याच्या त्याच्या संपादिकेनं, कळवलं होतं, सर, हे वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

"मला बघायला आले तेव्हा मी बाहेर बसणार," वल्लरी सांगत होती. "मग तिच्या तोंडावर हात कोण ठेवणार? म्हणून आठ दिवस आधी तिला एका संस्थेत ठेवलं. आठ दिवसांपुरतं, असं ठरलं होतं. बायोडाटावर लिहिलं होतं ना, एकुलती एक. लग्न जमलं, झालं. आता परत कशी आणणार?"

याच वेळी त्याला खोकला आला. म्हणजे घशात आला, अजून बाहेर पडायचा होता. हा खोकला लष्कर मोहल्ल्याचा. त्याची खोली एका गादीवाल्याच्या दुकानावर, खाली दिवसभर कापूस पिंजायचं यंत्र घरघरायचं, जिन्यातून बारीक तूस वर यायची. भाडं कमी आणि आवाजामुळं बाहेर कुणाला आतलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यानं ती जागा घेतली होती. कोचही त्याच गादीवाल्यानं भरून दिलेला. तीस वर्षांत किती कापूस छातीत गेला असेल देव जाणे. त्यानं उजव्या हातातलं पेन टाकलं आणि तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा ताठल्या. तिकडं त्याची बायको म्हणाली, "मग?" आणि इकडं त्याच्या बोटांतून खोकला फुटला. एक, दोन, तीन.

पलीकडचं बोलणं थांबलं. आता संपलं, त्याला वाटलं. या खोकल्याला वल्लरी चार वर्षं पाठ देऊन पडली होती, तिला तो ओळखू येणार नाही तर कुणाला? "त्यांचं काही नाही, तू सांग," वरलक्ष्मी म्हणाली. मग वल्लरीनं पुढं सुरुवात केली, आणि तिचा आवाज आधीपेक्षा थोडा मोठा होता.

"माझं लग्न होऊन पाच महिने झाले होते. इथंच होतो, मैसूरला. आईचा फोन आला, तुळसी गेली म्हणून. निशांत समोर जेवत होता. मी फोनवर म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि त्याला भात वाढला. त्याला अजून माहीत नाही. कुणालाच नाही."

या वेळी वरलक्ष्मीनं 'मग' म्हटलं नाही. ती उठली, कारण तिचे गुडघे वाजले आणि ती "रामा" म्हणाली. कपाटाचं दार वाजलं. "किती वर्षांची होती गं?"

"सतरा."

"कुमारिकाच की. आज अष्टमी. अष्टमीला कुमारिकेला द्यायचं म्हणून मी दर वर्षी एक वाण जास्त ठेवते. हे तुझं. आणि हे तिचं. खण आहे, नारळ आहे, बांगड्या आहेत. घे, सुम्ने, गुपचूप घे, नाही म्हणू नको. तिचं तू नाही न्यायचं तर कुणी न्यायचं?"

आणि मग वल्लरी रडली. चार वर्षांत त्यानं तिचं रडणं ऐकलं नव्हतं. ते मोठ्यानं होतं, ओबडधोबड, त्यात हुंदक्यापेक्षा नुसता आवाजच जास्त होता. संकर्षणला तेव्हा काय वाटलं? दया वाटली, असं लिहायला बरं. पण सगळ्यात आधी वाटला तो मत्सर. एक नारळ आणि एक खण घेऊन ही बाई जिथं वीस मिनिटांत पोचली, तिथं आपण चार वर्षांत, सहाशे तासांत नाही पोचलो, याचा जळजळीत मत्सर, तोही स्वतःच्या बायकोचा, जिनं त्याचं एक पुस्तक फाडलं होतं पण वाचलं नव्हतं. पेशंटनं भरायचा फॉर्म त्यानंच छापून घेतला होता. 'भावंडं' असा रकाना, त्यात वल्लरीनं पहिल्या दिवशी एक आडवी रेघ मारली होती, आणि त्या रेघेवर तो बत्तीस पानं चढून गेला होता.

त्यानंतर जे झालं त्याची त्याला पुढं फार लाज वाटली. ती गेली, वरलक्ष्मी पुढच्या बायकांसाठी चकल्या काढायला आत गेली, आणि त्यानं पडलेलं लाल पेन सोडून निळं घेतलं. सहावं प्रकरण मेलं होतं खरं. पण त्याच्या जागी दुसरं, शंभर पटींनी चांगलं, त्याच्या मांडीवर येऊन पडलं होतं. तोंडावर ठेवलेला हात. आतली खोली. भात. त्यानं बसल्या बैठकीला अकरा पानं लिहिली, एक खाडाखोड नाही, आणि लिहिताना, देवा, त्याला आनंद होत होता. नाव बदललेलं, गाव बदललेलं, पण भाताचं वाक्य जसंच्या तसं. आयुष्यात त्यानं याहून चांगलं काही लिहिलं नव्हतं, हे लिहितानाच कळत होतं. अंधारायच्या आत त्यानं ताराला फोन केला.

"तारा, मला आठ दिवस दे. सहावं बदलतोय."

"सर, सहावं? सगळं पुस्तक त्याच्यावर उभंय! मुखपृष्ठ झालंय, 'एकुलती' लिहून झालंय मोठ्या अक्षरांत."

"नावही बदलेल कदाचित."

"सर," तारा म्हणाली, आणि तिनं पुढचं गिळलं. "मंगळवार. संध्याकाळपर्यंत. त्यापलीकडे माझ्या हातात नाही."

दसऱ्याची सुट्टी संपून मंगळवारी दुपारी तीनला वल्लरी नेहमीसारखी आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बूट काढले, आत आली, पर्स खिडकीत ठेवली, पडली. तो मागं बसला. अकरा पानं त्याच्या वहीत घडी करून ठेवलेली होती आणि वही मांडीवर. खाली कापसाचं यंत्र सुरू होतं. ती बोलेल, असं त्याला आज का वाटत होतं कोण जाणे. बांध तर फुटला होता. पण पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधराव्या मिनिटाला ती म्हणाली, "पंखा आवाज करतोय," आणि परत गप्प. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथं वरलक्ष्मीपुढं घडाघडा बोलली, आणि इथं, जिथं बोलण्यासाठी म्हणून माणूस येतो, तिथं पंखा! विचारलं तर चोरून ऐकलं असं होणार. न विचारलं तर अकरा पानं तशीच छापायची, तिला न सांगता. तिची लेखी परवानगी होती त्याच्याकडं, निशांतनं साक्षीदार म्हणून सही केली होती, पण ती परवानगी एकुलत्या बाईची. बेचाळीसाव्या मिनिटाला त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. उठला, खुर्ची उचलली, फिरवून कोचाच्या पुढच्या अंगाला आणून ठेवली आणि तिच्या समोर बसला. चार वर्षांत या खोलीत तो तिच्यासमोर पहिल्यांदाच बसला होता. तिनं दचकून गुडघे जवळ घेतले.

"तुम्ही," तो म्हणाला, आणि घसा साफ केला, "तुम्ही भावंडं किती?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळे शांत होते. राग असता तर त्याला परवडला असता.

"एकटीच," ती म्हणाली. "फॉर्मवर लिहिलंय ना मी."

मग उरलेली आठ मिनिटं दोघं समोरासमोर बसून राहिली. वेळ झाल्यावर ती उठली, पर्स घेतली, आणि दाराशी बूट घालायला वाकली तेव्हा बुटांशीच बोलल्यासारखी बोलली. "त्या दिवशी दारात तुमच्या चपला होत्या. डावीला सायकलच्या टायरचं ठिगळ आहे ते. चार वर्षं मी इथं दर वेळी त्यांच्या शेजारी बूट काढते. पायरीवरच कळलं मला. परत फिरणार होते, पण काकूंनी हाक मारली."

"म्हणजे मी आत आहे हे ठाऊक होतं तुम्हाला," तो म्हणाला. "तरी बोललात?"

"तिथं तुमचं पेन वाजत नव्हतं." तिनं लेस ओढून बांधली. "इथं मी काही बोलले की मागं पेन वाजायला लागतं. चांगलं काही बोलले की जास्त वाजतं. मी गप्प बसले की थांबतं. मला ते थांबलेलं बरं वाटायचं, म्हणून मी गप्प बसायची. तुम्ही लिहिलंय त्यातलं काही नव्हतं."

त्याचा हात वहीवर होता. आतली अकरा पानं त्याला बोटांखाली लागत होती. "मी ते प्रकरण काढून टाकतो," तो म्हणाला. "आजच सांगतो पुण्याला."

"काढू नका," ती पटकन म्हणाली आणि पहिल्यांदा घाबरलेली दिसली. "निशांतनं वाचलंय. सहावं प्रकरण माझं आहे हे त्याला माहीत आहे. काढलंत तर विचारेल, का काढलं? बदललंत तर मग सगळंच कळेल त्याला. त्याला मी सांगणार आहे. पण मी सांगणार आहे, कधीतरी, माझी मी. पुस्तकातून नाही. एकुलती म्हणूनच छापा."

"पण ते खोटं आहे," संकर्षण म्हणाला. "अहो, आता मला माहीत आहे ते खोटं आहे!"

"हो," वल्लरी म्हणाली. "थोडे दिवस तुम्हीही हात ठेवा तोंडावर." आणि जिना उतरता उतरता, खालच्या घरघरीतून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "गुरुवारी येते."

ताराला फोन करायला त्याला एक तास लागला. त्या तासात त्यानं अकरा पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना ती आणखीच चांगली वाटली, हा त्यातला सगळ्यात मोठा छळ. असं तर असं करू, नाव पुरुषाचं घालू, बहिणीचा भाऊ करू, भाताची भाकरी करू. त्याचं मन वकिलासारखं एकेक वाट काढत होतं आणि दर वाटेच्या टोकाला निशांत जेवत बसलेला दिसत होता. शेवटी त्यानं नंबर लावला. "तारा, सहावं आहे तसंच जाऊ दे. एक अक्षर बदलू नकोस."

"सर, थँक गॉड!" तारा म्हणाली. "मला इतकं टेन्शन आलं होतं. खरं सांगू का, पुस्तकातलं सगळ्यात खरं प्रकरण तेच आहे. तेच वाचून लोक तुम्हाला लक्षात ठेवतील."

"हं," तो म्हणाला. त्याहून जास्त काही बोललं असतं तर तोंडून भलतंच निघालं असतं.

घरी आला तेव्हा वरलक्ष्मी पुढच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बाहुल्या आवरत बसली होती. दसरा होऊन चार दिवस झाले होते, आज कुठं तिची पाठ जरा हलकी होती. पायऱ्या निम्म्या रिकाम्या. शेजारी लाकडी पेटी, आणि 'अर्धी वाक्यं'ची एक फाडलेली प्रत. झोपाळ्यावरच्या दोन मुली अजून तिच्या मांडीवर होत्या. तिनं एकीला गुंडाळलं, दुसरीला गुंडाळलं, आणि दोघींना मिळून वर आणखी एक कागद लावला. तो खुर्चीवर टेकला. आपण हे का करतोय हे त्याला कळत होतं, तरी तोंडातून निघालंच.

"अष्टमीला ती कोण गं आली होती? रडल्यासारखा आवाज येत होता."

वरलक्ष्मीनं मान वर केली नाही. "कोण? ती होय. मार्केटात भेटलेली."

"काय म्हणत होती?"

"काय म्हणायचंय." तिनं एक पान टरकन फाडलं. "चकलीचं प्रमाण विचारत होती. किती तांदळाला किती उडीद. तिच्या चकल्या विरघळतात म्हणे तेलात."

"चकलीसाठी कुणी रडतं का गं?"

"रडतात की. तुम्हाला काय ठाऊक?" आणि त्याच्याकडं सरळ बघत, पापणीही न हलवता, "कांदा चिरत होते मी, अल्वा, नाही का? त्याचा झोंबला असेल तिला."

चांगलं, साधं, धडधडीत खोटं. तीस वर्षं त्यानं हिला एक नाव सांगितलं नव्हतं आणि त्या गोष्टीचा केवढा थाट केला होता, आणि इथं ही बाई मांडीवर बाहुल्या घेऊन कसलाही थाट न करता तेच करत होती. तिनं लिहून ठेवलं नव्हतं. लिहायचं तिच्या मनातही आलं नसतं. त्याला एकदम वाटलं, हिला सांगावं: आई कशी गेली ते, वेतं करकरत राहिली ते, आज काय हरलो ते. ही 'मग?' म्हणेल. पण सांगायला लागलो तर वल्लरीचं नाव यायलाच हवं, आणि ते आता येणार नव्हतं. तो उठला, वही घेतली आणि आतल्या खोलीत गेला.

दार लोटून घेऊन त्यानं अकरा पानं काढली. पलंगाच्या कडेवर बसून एकेक पान फाडायला लागला. आधी उभं, मग आडवं, मग त्याहून बारीक, बाहुल्यांना गुंडाळायच्यासुद्धा लायकीचं राहू नये इतकं. भाताचं वाक्य सातव्या पानावर होतं. तिथं हात थांबला. त्यानं ते एकदा वाचलं, आणि फाडलं. कागदांचा चुरा मांडीवर साठत गेला, त्याची बारीक भुकटी नाकात गेली आणि छातीतून खोकला वर आला. त्यानं तळहात तोंडावर दाबला. बाहेर फाटक वाजलं. पलीकडच्या घरातली कुणी बाई आली होती, तिचं कानडी आणि वरलक्ष्मीचं कानडी एकमेकांत मिसळलं, पेटी सरकली, हसणं झालं. मग बोटांच्या फटीतून खोकला सुटलाच, आणि बाहेरचं बोलणं क्षणभर थांबलं.

"आत कोण आहे?" पाहुणीनं कानडीत विचारलं.

"कोणी नाही," वरलक्ष्मी कानडीतच म्हणाली. "आमचेच हे."